मुक्त संगणकप्रणालींतील पॅकेजपद्धती : एक चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

लिनक्सवर आधारलेल्या मुक्त कार्यप्रणाली वापरणाऱ्यांमध्ये जे वाद वर्षानुवर्षे चालत आले आहेत, त्यांत सॉफ्टवेअरच्या पॅकेजांविषयीचा वाद जुना आणि फार चिवट आहे. डेब बरे की आरपीएम, ह्या प्रश्नाने त्याचा आरंभ झाला. पुढे स्नॅप, फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज ही तीन नावे त्यात येऊन मिळाली. वरवर पाहणाऱ्यास हा सगळा प्रकार केवळ आवडीनिवडीचा वाटतो. एकाला भाकरी रुचते, दुसऱ्याला पोळी, त्यातलाच हा भेद, असे म्हणून तो विषय सोडून देतो. परंतु ज्या पक्षाभिमानाने हा वाद चालतो, तो पाहता त्याच्या बुडाशी रुचीपेक्षा अधिक काही असावे, अशी शंका येते. ती शंका खरी आहे. वादाचा खरा विषय पॅकेजाचा आकार हा नसून, एकाने लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या संगणकावर पोहोचेपर्यंत त्यावर कोणाचा अधिकार चालावा, हा आहे.

ह्या प्रश्नाची पारख कोठे उभे राहून करावी, हेही ठरविले पाहिजे. आजवरची बहुतेक चर्चा वेगवान इंटरनेट, नवे संगणक आणि इंग्रजी भाषा ह्या तीन गोष्टी गृहीत धरून झाली आहे. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातील मुरुम हे गाव ह्या गृहीतांपासून बरेच दूर आहे. कर्नाटकाच्या सीमेजवळच्या ह्या परिसरात मराठीच्या जोडीला कन्नड आणि दखनी उर्दू कानावर पडते. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाच्या कारभाराची भाषा उर्दू होती. आपल्या लिपीत व्यवहार करता येणे ही येथे आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. अशा गावातील एखाद्या महाविद्यालयात जुन्या वीस संगणकांची प्रयोगशाळा आहे, तीत मराठीतून लेखन व्हावयाचे आहे, आणि देखरेखीस एकच अध्यापक आहे, अशी कल्पना केली, तर निरनिराळ्या पॅकेजपद्धतींचे गुणदोष पुस्तकी न राहता डोळ्यांसमोर येतात.

२. डेब आणि आरपीएम : भेद आणि साम्य

डेबियन ह्या वितरणाची घोषणा इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये केली. डेब ही त्या वितरणाची पॅकेजपद्धती. आरपीएम १९९५ मध्ये रेड हॅट लिनक्सबरोबर प्रचारात आली. दोहोंची रचना पाहिली तर साम्यच अधिक आढळते. डेब ही एक साधी संग्रहफाइल असून तिच्या पोटात तीन भाग असतात: पद्धतीची आवृत्ती सांगणारा, पॅकेजाची माहिती व सूचना असलेला, आणि प्रत्यक्ष फाइलींचा. आरपीएममध्ये आरंभी माहितीचा मथळा आणि त्यामागे फाइलींचा संग्रह असतो. दोन्हींत पॅकेजाचे नाव, आवृत्ती आणि त्यास कोणत्या अन्य पॅकेजांची गरज आहे याची नोंद असते. एका पद्धतीचे पॅकेज दुसरीत बदलून देणारे एलियन नावाचे साधनही आहे. ते नेहमी समाधानकारक चालते असे नाही, पण चालते, यावरूनच दोहोंमधील अंतर किती थोडे आहे, हे कळते.

भेद आहेत ते वृत्तीचे. डेबमध्ये ‘अत्यावश्यक’, ‘शिफारस केलेले’ आणि ‘सुचविलेले’ अशा परावलंबनाच्या पायऱ्या प्रथमपासून होत्या. आरपीएमने अशा सौम्य पायऱ्या २०१४ मध्ये स्वीकारल्या. डेब पॅकेज बसविताना वापरणाऱ्यास प्रश्न विचारू शकते, तर आरपीएमच्या परंपरेत बसविण्याचे काम निमूटपणे पार पडले पाहिजे, असा दंडक आहे. एका संगणकाच्या मालकास पहिली रीत सौजन्याची वाटेल. वीस संगणक एका दुपारी तयार करणाऱ्यास दुसरी अधिक मानवेल. नावे ठेवण्याच्या पद्धतीतही हा वृत्तिभेद दिसतो. मराठीसाठीच्या लोहित फॉन्टचे नाव डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी’ असे आहे, तर फेडोरामध्ये ‘लोहित-मराठी-फॉन्ट्स’ असे. पहिले ग्रंथालयातील सूचीप्रमाणे वर्गापासून विशेषाकडे जाते. दुसरे विशेषाचे नाव आधी घेऊन मग त्याचा वर्ग सांगते. दोन्ही रीती सुसंगत आहेत, आणि दोन्हींत वस्तू एकच आहे.

ह्या दोन पद्धतींचे एकीकरण करण्याचा प्रयत्नही झाला. लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रमाणग्रंथाच्या २००१ मधील पहिल्या आवृत्तीत आरपीएम ही प्रमाण पद्धती ठरविण्यात आली. डेबियनने ती मनापासून कधी स्वीकारली नाही आणि २०१५ मध्ये त्या प्रमाणाला दिलेला आधार बव्हंशी काढून घेतला. याचे कारण दुराग्रह एवढेच देणे अन्यायाचे होईल. पॅकेजाचा आकार एक केला, तरी आत काय घालावे, त्याची नावे काय असावीत, कोणती आवृत्ती कोणत्या आवृत्तीशी जुळवावी, हे निर्णय प्रत्येक वितरणाचे वेगळेच राहतात. पेटी सारखी केल्याने आतला ऐवज सारखा होत नाही. एकीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी पेटीलाच ऐवज मानले, हा त्यांचा मूळ दोष होय.

३. संपादकाचा अधिकार

डेब आणि आरपीएम ह्या दोन्ही परंपरांचे समान तत्त्व असे: मूळ लेखकाचे सॉफ्टवेअर वितरणाचे स्वयंसेवक किंवा कर्मचारी स्वीकारतात, तपासतात, आवश्यक तेथे बदलतात आणि इतर हजारो पॅकेजांशी जुळवून एकसंध संग्रह वाचकाच्या हाती देतात. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १२ मध्ये अशी ६४,४१९ पॅकेजे होती. हे काम तत्त्वतः ग्रंथसंपादकाचे आहे. मराठी वाचकास त्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको; शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तिचे ऋण मराठी परंपरेने सदैव मानले आहे. परंतु संपादक चुकूही शकतो, आणि त्याच्या हस्तक्षेपाने मूळ पाठ बिघडूही शकतो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास तितकेच ठाऊक असते.

ह्या अधिकाराचा सर्वांत मोठा लाभ सामायिक लायब्ऱ्यांच्या बाबतीत दिसतो. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल ह्या सुरक्षा-लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. ज्या प्रणालींत ही लायब्ररी एकाच ठिकाणी होती, तेथे एक पॅकेज बदलून सेवा पुन्हा सुरू केल्या की तिच्यावर विसंबणारे सारे कार्यक्रम दुरुस्त झाले. याउलट सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी ह्या चित्रविषयक लायब्ररीत गंभीर दोष सापडला, तेव्हा ज्या असंख्य कार्यक्रमांनी तिची प्रत आपापल्या पोटात बांधून घेतली होती, त्या प्रत्येकाची स्वतंत्र दुरुस्ती करावी लागली. वितरणाने आपली एक प्रत सुधारली, तरी बांधलेल्या प्रती तशाच राहिल्या.

ह्याच ओपनएसएसएलने संपादकाची दुसरी बाजूही दाखविली आहे. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजात एक बदल करण्यात आला. एका तपासणी-साधनाची तक्रार मिटविणे एवढाच त्याचा हेतू होता. त्या बदलाने यादृच्छिक संख्यांचा उगमच आटला, आणि तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या मोजक्या शक्यतांत सामावू लागल्या. हा दोष मे २००८ मध्ये जाहीर झाला. दोष मूळ लेखकांचा नव्हता. तो पूर्णतः संपादकाचा होता.

संपादनास लागणारा विलंब ही तिसरी बाब. एक्सस्क्रीनसेव्हर ह्या कार्यक्रमाच्या लेखकाने आपल्या सॉफ्टवेअरात, आवृत्ती फार जुनी झाल्याची सूचना दाखविणारी तजवीज केली होती. डेबियनच्या स्थिर शाखेत जुनी आवृत्ती असल्याने ती सूचना वापरणाऱ्यांच्या पडद्यावर दिसू लागली, आणि २०१६ मध्ये त्यावरून वाद झाला. जुन्या आवृत्तीतील, आपण केव्हाच दुरुस्त केलेल्या दोषांबद्दल लोक आपल्याकडे तक्रारी करतात, हे लेखकाचे गाऱ्हाणे होते. ते खोटे म्हणता येणार नाही. तथापि विलंबालाही एक बाजू आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड ह्या संक्षेप-साधनाच्या ५·६·० व ५·६·१ ह्या आवृत्त्यांत चोरदार ठेवल्याचे आंद्रेस फ्रॉयंड यांच्या लक्षात आले. दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, याचा शोध घेताना ते सापडले. ही आवृत्ती डेबियनच्या चाचणी-शाखेत आणि फेडोराच्या विकासाधीन आवृत्तीत पोहोचली होती. डेबियनच्या स्थिर शाखेत ती पोहोचली नव्हती. ज्या संथपणाची एरवी थट्टा होते, त्यानेच येथे रक्षण केले. मात्र त्याच प्रकरणात हेही दिसून आले की, तो चोरदार डेब आणि आरपीएमच्या बांधणीस अनुलक्षूनच रचला होता, आणि काही वितरणांनी दूरस्थ प्रवेशाच्या कार्यक्रमात स्वतः घातलेल्या जोडणीमुळे त्यास वाट मिळाली होती. एकाच घटनेत संपादकाचा हात तारकही ठरला आणि अपायास निमित्तही झाला.

४. लेखकाचा अधिकार

स्नॅप, फ्लॅटपॅक आणि ॲपइमेज ह्या तिन्ही पद्धती संपादकाला बाजूस सारून लेखक आणि वापरणारा यांची थेट गाठ घालू पाहतात. कार्यक्रमाबरोबर त्याला लागणाऱ्या लायब्ऱ्याही बांधून द्याव्यात, म्हणजे कोणत्याही वितरणावर तो सारखाच चालेल, हे त्यांचे समान सूत्र. ह्या तिघांना एकाच माळेत ओवण्याची मात्र सवय पडली आहे, ती सोडली पाहिजे.

ॲपइमेजचा उगम २००४ मधील क्लिक ह्या प्रयत्नात आहे. एक कार्यक्रम म्हणजे एक फाइल, हे तिचे तत्त्व. ती फाइल बसवावी लागत नाही. तिला चालण्याची परवानगी दिली की पुरे. तीत मध्यस्थ कोणीच नाही, हे तिचे बळ. आणि तिची आवृत्ती अद्ययावत राखण्याची जबाबदारीही निश्चितपणे कोणाचीच नाही, हे तिचे वैगुण्य. फ्लॅटपॅक ही पद्धती २०१६ मध्ये ह्या नावाने पुढे आली. तिने सामायिकतेचा पूर्ण त्याग केलेला नाही. अनेक कार्यक्रमांना समान असा पायाभूत संच ती एकदाच उतरवून घेते आणि प्रत्येक कार्यक्रमास कुंपणाआड चालविते. तिचे मुख्य भांडार फ्लॅटहब हे असले, तरी दुसरे भांडार कोणासही उभारता येते. कॅनॉनिकलची स्नॅप ही पद्धती २०१६ च्या उबंटू १६·०४ पासून सामान्य वापरणाऱ्यांपुढे आली. तिचे साधन मुक्त आहे. पण ते ज्या एका भांडाराशी बांधलेले आहे, त्या भांडाराची प्रणाली मुक्त नाही.

हा शेवटचा भेद फार महत्त्वाचा आहे. उबंटूच्या संग्रहातील क्रोमियमचे डेब पॅकेज पोकळ करून त्याद्वारे स्नॅप बसविण्याची योजना झाली, तेव्हा २०२० मध्ये लिनक्स मिंटने आपल्या विसाव्या आवृत्तीत ह्या मार्गाने स्नॅप बसणारच नाही असा बंदोबस्त केला. २०२२ च्या उबंटू २२·०४ मध्ये फायरफॉक्सही स्नॅपमधूनच येऊ लागला. आक्षेप स्नॅपच्या रचनेपेक्षा ह्या रीतीला होता. वापरणारा एक मागतो आणि त्याच नावाखाली त्याला दुसरे मिळते, तेव्हा त्याच्या निवडीचा हक्क डावलला जातो. स्नॅपच्या कैवाऱ्यांनी तिच्या तांत्रिक गुणांची कितीही यादी दिली, तरी ह्या आक्षेपास ते उत्तर होत नाही. थेट भेटीने विश्वासाचा प्रश्न सुटतो असेही नाही. मे २०१८ मध्ये स्नॅपच्या भांडारातील एका खेळाच्या पॅकेजात आभासी चलन खणणारा छुपा कार्यक्रम आढळला होता.

पद्धती बदलली म्हणून अधिकाराचा वाद संपत नाही, याचे उत्तम उदाहरण २०२५ च्या फेब्रुवारीत घडले. ओबीएस स्टुडिओ ह्या कार्यक्रमाचे लेखक आपले फ्लॅटपॅक फ्लॅटहबवर देतच होते. फेडोराने त्याच कार्यक्रमाचे स्वतः बांधलेले निराळे फ्लॅटपॅक आपल्या भांडारात ठेवले. ते सदोष असल्याचा आणि त्यामुळे वापरणाऱ्यांची दिशाभूल होत असल्याचा लेखकांचा आक्षेप होता. प्रकरण कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यापर्यंत गेले. येथे दोन्ही पक्षांची पेटी एकच होती. भांडण होते ते लेखक आणि संपादक यांच्यातच.

५. मराठी अक्षरांची कसोटी

आतापर्यंतची चर्चा कोणत्याही भाषेस लागू पडेल अशी झाली. मराठीपुरता प्रश्न थोडा निराळा आहे. लोहित हा फॉन्टसंच रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केला. संस्कृतात लोहित म्हणजे लाल. नावातच त्या संस्थेची खूण आहे. तिच्या पुणे येथील अभियंत्यांचा त्याच्या पुढील जोपासनेत मोठा वाटा आहे. आरपीएमच्या घरात वाढलेली ही अक्षरे डेबियनमध्ये डेब होऊन गेली. सी-डॅकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेली बॉस ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवरच उभी आहे. म्हणजे मराठी अक्षरांच्या प्रवासात दोन पद्धतींच्या भेदाने फारसा अडथळा आला नाही. प्रत्येक बाजूस कोणीतरी संपादक बसलेला होता, एवढे पुरेसे झाले.

मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ती प्रमाण ठरली आहेत. एकाच देवनागरी फॉन्टमध्ये भाषेच्या खुणेनुसार अक्षराचे रूप बदलण्याची सोय करता येते. पण ती खूण फॉन्टपर्यंत पोहोचविण्याचे काम कार्यक्रमाने केले पाहिजे. सर्वच कार्यक्रम ते करीत नाहीत. म्हणूनच मराठीसाठी निराळा फॉन्ट आणि त्याचे निराळे पॅकेज यांची गरज उरते. अशी बारीक गरज ओळखून तिची स्वतंत्र नोंद करणे हे संपादकी वृत्तीचे काम आहे.

येथे एक मौज लक्षात येते. सर्व काही सोबत बांधून नेऊ म्हणणाऱ्या नव्या पद्धतीही फॉन्टच्या बाबतीत यजमान प्रणालीवर विसंबतात. फ्लॅटपॅक आणि स्नॅप यजमानाचे फॉन्ट कुंपणाच्या आत दिसू देतात. म्हणजे स्वयंपूर्णतेची मर्यादा अक्षरापाशी येऊन थांबते. परंतु ती अक्षरे एकमेकांस जोडणारी लायब्ररी, बहुधा हार्फबझ, ही पायाभूत संचातली किंवा पोटात बांधलेली असते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतील भेद राखणे हे फॉन्ट आणि ही लायब्ररी या दोघांच्या सहकार्याचे काम. एक सामायिक आणि एक बांधलेली, अशी त्यांची ताटातूट झाली, की एकीकडील सुधारणा दुसरीकडे पोहोचत नाही; आणि दोष दिसल्यास तक्रार कोणाकडे करावी हेही समजेनासे होते. मराठी टंकनाचेही तसेच. फ्लॅटपॅकमधील कार्यक्रमास कीबोर्डसाधनाशी एका ठराविक खिडकीतून बोलावे लागते. ॲपइमेजच्या कर्त्याने आवश्यक तो जोडभाग आत घातला नसेल, तर प्रणालीत मराठी कळफलक असूनही त्या कार्यक्रमात इंग्रजीच उमटते. फ्लॅटपॅक भाषांतरेही मुख्यतः प्रणालीत नोंदलेल्या भाषांचीच उतरवून घेते. संगणक इंग्रजीत बसविला असल्यास मराठी भाषांतर असूनही ते येत नाही. ह्या अडचणी दूर करता येतात. पण त्या आहेत हे ज्याला ठाऊक असेल त्यालाच.

६. मुरुमच्या प्रयोगशाळेतून

आता आरंभी कल्पिलेल्या प्रयोगशाळेकडे वळावे. वीस संगणकांपैकी एकावर पॅकेजांचा साठा ठेवला, तर डेब किंवा आरपीएम पद्धतीत प्रत्येक पॅकेज एकदाच इंटरनेटवरून उतरवून उरलेल्या एकोणीस ठिकाणी स्थानिक जाळ्यातून देता येते. फ्लॅटपॅकचा पायाभूत संच शेकडो मेगाबाइटांचा असतो. पहिला कार्यक्रम त्यामुळे महाग पडतो, पुढचे स्वस्त होतात, आणि यूएसबी-साधनावरून संच नेण्याची सोयही त्यात आहे. स्नॅपमधील नव्या आवृत्त्या आपोआप उतरतात. त्या अनिश्चित काळ रोखून धरण्याची मुभा २०२२ पर्यंत नव्हती. जेथे जाळ्याची गती मोजकी आहे, तेथे तासिका चालू असताना मागच्या मागे उतरणारी आवृत्ती ही सेवा नसून उपद्रव ठरतो. ॲपइमेज खिशातून नेता येते, यास तोड नाही. पण वीस ठिकाणी ठेवलेली तीच फाइल वर्षभराने वीस ठिकाणी जुनी झालेली असते.

यावरून जुन्या पद्धतीच सर्वथा श्रेष्ठ ठरतात काय? नाही. स्थिर वितरणावर दोन वर्षे जुना राहिलेला एखादा चित्रण- किंवा ध्वनिविषयक कार्यक्रम विद्यार्थ्यास नव्या आवृत्तीत हवा असेल, तर फ्लॅटपॅकने तो पायास धक्का न लावता मिळतो. अपरिचित कार्यक्रम कुंपणाआड चालविणे हेही शहाणपणाचेच आहे. प्रश्न उरतो तो मर्यादेचा.

७. उपसंहार

तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, जे सर्वांना समान आहे, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुरक्षा-लायब्ऱ्या, फॉन्ट, कळफलक आणि भाषेची साधने, ते संपादित संग्रहातूनच यावे; आणि जे एकट्याच्या कामाचे, वेगाने बदलणारे व टोकाचे आहे, ते लेखकाने थेट दिले तरी चालेल. दुसरा असा की, ज्या पद्धतीत दुसरे भांडार उभारण्याचा मार्ग खुला आहे, ती आज गैरसोयीची असली तरी उद्या सुधारता येते. ज्या पद्धतीत तो बंद आहे, तिची सोय ही परक्याच्या मर्जीवरची सोय होय. स्नॅपवरील खरा आक्षेप हा आहे. मंदपणाचा आक्षेप गौण आहे.

तिसरा निष्कर्ष मराठीचे काम करणाऱ्यांनी विशेषतः लक्षात घ्यावा असा आहे. प्रत्येक नवी पेटी म्हणजे ‘ऱ्य’ नीट उमटतो की नाही हे पाहण्याचे एक नवे ठिकाण. इंग्रजीसाठी ते काम आपोआप होते, कारण तो कार्यक्रम लिहिणारा स्वतःच रोज इंग्रजी वाचतो. मराठीसाठी ते कोणीतरी मुद्दाम करावे लागते, आणि असे करणारे हात थोडे आहेत. पद्धती वाढल्या आणि हात तेवढेच राहिले, तर निवडीचे स्वातंत्र्य वाढूनही मराठी वाचकाच्या पदरी अधिक चुका येतील. म्हणून विद्यापीठांच्या विभागांनी कोणत्या पॅकेजाचा पक्ष घ्यावा ह्या वादात फार न गुंतता, मराठी फॉन्ट, शब्दसंग्रह आणि भाषांतरे यांच्या पॅकेजांची देखभाल हे पदव्युत्तर अभ्यासाचे अंग मानावे. दोष शोधणे, तो नेमक्या शब्दांत नोंदविणे आणि दुरुस्ती मूळ लेखकापर्यंत पोहोचविणे, ही पाठचिकित्सेचीच कामे आहेत. ती मुरुममध्ये बसूनही करता येतात. आणि तेथे बसलेल्याला ‘आचाऱ्यास’ हा शब्द चुकीचा उमटला की लगेच खटकतो, एवढी पात्रता त्या कामास पुरेशी आहे.